कड नसलेलं पान

"मुलगा कोण, कुठला, घराणं काय, ते आधी कळू दे. मग हळद," आई फोनवर म्हणाली आणि पलीकडची मुलगी खळखळून हसली. फोन स्पीकरवर टाकून आई गवार मोडत होती. मी समोर बसून सहावीच्या भूगोलाची प्रुफं तपासत होते.

"ताई, अहो नुसता नकाशा आहे," मुलगी म्हणाली. ती रुबिना, आईच्या हाताखालची. "बँकेच्या शाखा कुठे कुठे आहेत ते दाखवणारा. गरीब बिचारा. त्याला काय घराणं असणार?"

"गरीब दिसणारेच पुढे रंग दाखवतात. तो नकाशा कोणाच्या साइटवरचा आहे ते मला पाठव. उद्या बघते. पसंत पडला तर दुपारी लावून टाकू."

"आणि नाही पडला तर?"

"तर बिनलग्नाचा राहील. नुसती लिंक दे. ज्याला बघायचाय तो जाईल त्याच्या दारात."

आई नाशिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनी पतसंस्थांना आणि सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवायची. बाबा गेले त्या वर्षी आई तिथे टायपिस्ट म्हणून लागली आणि होता होता कंपनीची विकी तिच्याकडे आली. विकी म्हणजे कामाची माहिती सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलेली पानं. कुठल्या बँकेत काय बिघडलं होतं, ते कसं दुरुस्त केलं, रजा किती उरली, कोणाला फोन करायचा. ही पानं फक्त कंपनीच्या माणसांना दिसत.

त्या पानांत बाहेरच्या साइटचं एखादं पान जसंच्या तसं बसवता येतं. ते कसं, हे आईने मला एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. "आपल्या भिंतीत खिडकी पाडायची आणि तिच्यातून दुसऱ्याचं घर बघायचं. बघायला हरकत नाही गं. पण बघणाऱ्याला वाटतं, ही आपलीच आतली खोली आहे. आणि तो पायातल्या चपला काढून आत शिरतो."

कोणीतरी एकदा सुट्ट्यांचं कॅलेंडर असं बसवलं होतं, फुकट मिळणाऱ्या एका साइटचं. वर्षभर ते शहाण्यासारखं वागलं. मग ती साइट कोणीतरी विकत घेतली, आणि एका पतसंस्थेचे संचालक कंपनीत आलेले असताना, मोठ्या पडद्यावर, दिवाळीच्या सुट्ट्यांच्या जागी पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात उघडली. चेअरमनसाहेबांनी ती चष्मा पुसून मोठ्याने वाचली म्हणे.

त्यानंतर आईने नियम घातले. तिने तपासलेल्या साइट सोडून बाहेरचं एकही पान विकीत बसणार नाही. बसलंच तर खिडकीला गज, म्हणजे आतल्या पानाला हात बाहेर काढून आपल्याकडचं काही उचलता येऊ नये. हे सगळं यंत्राच्या बाजूचं, आणि ते इतर ठिकाणीही करतात. माणसांसाठी तिने जे केलं ते मात्र तिच्या डोक्यातलं. प्रत्येक बाहेरच्या पानाभोवती तिने बोटभर जाडीची पिवळी कड घातली. वर एक ओळ: हे पान आपलं नाही, इथे काही भरू नका.

कड दिसायला भयंकर होती. तरुण मुलं पहिल्या दिवसापासून तिला हसली. पानाला हळद लागली म्हणू लागली. "ताई, आमच्या पोराला उटणं कधी?" "ताई, यंदा मुहूर्त आहे की नाही?" आईने ती थट्टा उचलली आणि आपलीच करून टाकली. कंपनीतल्या कुठल्याही बैठकीत जी बाई एरवी कोपऱ्यात बसायची, तिला या एका गोष्टीसाठी विचारल्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. तिला ते आवडायचं. मलाही आवडायचं.

गवार संपत आली तेव्हा पुन्हा फोन वाजला. हर्षवर्धन सोनटक्के. आई त्याला हर्षू म्हणायची, मी हर्षदादा. अमरावतीहून नोकरीला आला तेव्हा पहिली दोन वर्षं दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असे. काम त्याला आईनेच शिकवलं. आता तो तिचा साहेब होता.

"ताई, एक काम होतं जी."

"बोल. साहेबांचं काम नाही म्हणता येतं का?"

"नवे मालक सोमवारी येऊन राहिले. विकीचं रूप जरा बदलायचंय, रंगबिंग. चाव्या तुमच्या एकटीकडे आहेत ना? मलाही देऊन ठेवा."

पानांची रचना बदलण्याच्या अधिकाराला आई चाव्या म्हणायची. ते ती कोणाला देत नसे.

"मला सांग ना काय करायचंय, मी करते."

"तुम्ही बसाल जागत. मग बीपी वाढलं की शालू मला शिव्या घालेल."

"घालेनच," मी समोरूनच ओरडले.

"ऐकलं? द्या बरं ताई."

आईने हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि चाव्या दिल्या. मग बराच वेळ ती खुशीत होती. "कधीतरी कोणाच्या तरी हातात द्यायलाच हव्यात," ती म्हणाली. "माझी दोनच वर्षं राहिली. आणि त्याला कळतं. बाकीच्यांना कड म्हणजे गंमत वाटते, त्याला कळतं कशासाठी आहे ते."

गवार जून निघाली. आम्ही दोघींनी ती तशीच चावत खाल्ली. कोणती भाजीवाली फसवते यावर थोडं भांडलो. त्या दिवशी आणखी काही झालं नाही.

गुरुवारी आई भर उन्हात घरी आली. चप्पल काढली, पर्स खुर्चीवर टाकली आणि सरळ न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज थांबेचना. मी चहा टाकला, तो गाळला, झाकून ठेवला. ती बाहेर आली तेव्हा साबणाने चेहरा लालबुंद झालेला होता. केसांच्या कडेला, कपाळाच्या वर, पिवळं राहिलं होतं.

"हे काय?"

"हळद."

"कुणाकडे गेली होतीस?"

"ऑफिसातच होते."

बाबा गेल्यापासून आईने कपाळाला काही लावलं नव्हतं. कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायची, टिकलीने खाज येते. संक्रांतीच्या दिवसांत शेजारी हळदीकुंकू असलं की ती नेमकी पेन्शनच्या कुठल्याशा कामाला बाहेर जायची. मग शेजारच्या काकू तिळगुळाची पुडी माझ्या हातात देत आणि आत डोकावत. आत कोणी नाही असं बघून सुटल्यासारखं हसत.

ती बसली. चहाला हात लावला नाही.

"आज परीक्षा होती आमची," ती म्हणाली. "न सांगता घेतलेली. सकाळी गेले, नेहमीसारखं विकीचं पहिलं पान उघडलं. मधोमध रजेचा चौकोन असतो ना, तिथे लिहिलेलं. तुमची वेळ संपली आहे, नाव आणि पासवर्ड पुन्हा भरा."

"मग?"

"भरला."

"मग काय झालं?"

"ते पान बाहेरचं होतं, शालू. खोटं. कोण कोण फसतं ते बघायला हर्षूने बसवलेलं."

"आणि कड?"

"नव्हती."

बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. आई ते संपेपर्यंत थांबली.

"कड असती तर मी बोट लावलं असतं का? इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं, कड दिसली की ते परक्याचं. त्याच्या मागोमाग दुसरंही येतं, कड नाही ते आपलं. ते मी कोणाला कधी सांगितलं नाही. माझ्या मनातही आलं नव्हतं. पण डोळे तेच शिकून बसले होते. बाकीच्यांनी निदान क्षणभर विचार केला म्हणे. मी केला नाही. मला करायची गरजच नव्हती."

जेवणानंतर सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं होतं. पडद्यावर फसलेल्यांची नावं, जो जसा फसला त्या क्रमाने. आई सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचायची. म्हणून पहिलं नाव तिचं.

"हसले?"

"हसणारच. मीही हसले असते. कड लावणारी बाई पहिली. गमतीचंच आहे ते."

"पण हळद?"

"हर्षूने पुढे बोलावलं. बक्षीस आहे म्हणाला. आजच्या हळदीच्या मानकरी, म्हणाला. कोणीतरी स्टीलची ताटली आणली. दोन वाट्या होत्या तिच्यात. मी म्हटलं, अरे नको रे, खाज येते मला. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. ऐकू गेलं नसेल."

"त्याने लावली?"

"अंगठ्याने. आधी हळद, मग कुंकू."

"आणि तू?"

"हसले." तिने पदराने कपाळ पुन्हा पुसलं. "फोटो काढला. दोनदा काढला. पहिल्यात माझे डोळे मिटले होते, म्हणून परत लावली."

मी उठले आणि फोन शोधू लागले. तिने माझं मनगट धरलं. तिची पकड तशी कधीच घट्ट नसे.

"तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"आई, त्याला माहीत आहे तू…"

"माहीत आहे. दोन वर्षं जेवलाय आपल्याकडे. चाव्याही दोघांकडेच होत्या, एक मी आणि एक तो. मला सगळं कळलंय. पण हे माझं आणि त्याचं आहे. उद्या मी बोलेन."

"काय बोलणार?"

तेव्हा तिने मला सांगितलं. दोनतीन वाक्यं होती. आवाज तिचा पानं लिहून घेतानाचा होता, सपाट. मग तिने तीच वाक्यं पुन्हा म्हटली, एकदोन शब्द गाळून.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं. "जास्त नाही ना होत?"

"कमी आहे," मी म्हणाले.

"पुरे तेवढं."

शुक्रवारी तिने खळ घातलेली सुती साडी नेसली, निळ्या काठांची. दारात उभी राहून मला हाक मारली. "शालू, घड्याळाचा पट्टा लागत नाहीये बघ." मी बाहेर आले तर ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. तो दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तशी. मग दाराला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, बीपी जुनं होतं, हे कुठल्याही दिवशी होऊ शकलं असतं. मी तेच मानते. वरचं सगळं मी तिच्या मरणाचं कारण म्हणून सांगितलेलं नाही.

हर्षदादाने सगळं केलं. हॉस्पिटलात तो धावला, गाडी त्याने आणली, खांदा दिला. स्मशानात तो असा रडला की लोक माझ्याऐवजी त्याचं सांत्वन करू लागले. एक लांबचे मामा मला म्हणाले, "कुंदाने जोडलेला मुलगा. भाग्य लागतं."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या पत्र्यावर चारपाच बसले होते. माना वाकड्या करून बघत आणि तिथेच बसून राहत. माणसांना कामावर जायचं होतं. एकेकाने पुढे होऊन हात जोडले. मामा म्हणाले, "कुंदे, शालूचं लग्न मी करून देतो." कावळे हलले नाहीत. मावशी म्हणाली, "तुझी भांडी मी कोणाला देणार नाही गं." कोणीतरी हसू दाबलं.

मग हर्षदादा पुढे झाला. अनवाणी, पँट दुमडलेली. "ताई, तुमचं काम मी सांभाळीन," तो म्हणाला. "विकी तुमच्याच नावाने चालेल. एकही पान कडेशिवाय राहणार नाही."

कावळा आला नाही.

तो माझ्याकडे वळला. डोळे सुजलेले होते. "शालू, ताई काही बोलल्या होत्या का गं घरी? त्या गुरुवारी? काही राहिलं असेल त्यांचं."

तिचं काय राहिलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. पण ते तिला सांगायचं होतं, मला नाही. तिने माझं मनगट धरलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही बोलली."

त्याने श्वास सोडला. मला तो सोडताना दिसला. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे हातपाय धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात रुबिना आईचं ऑफिसातलं सामान घेऊन आली. स्टीलचा डबा, स्वेटर, चष्म्याची जादा केस. ती बराच वेळ पिशवी मांडीवर धरून बसली.

"आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही करून बघितलं होतं," ती म्हणाली. "ते खोटं पान. कड होती तेव्हा. कोणीच फसलं नसतं. तर सर म्हणाले, कड काढतो. आम्ही म्हटलं, मग ताईपण फसतील. सर म्हणाले, फसायलाच पाहिजेत. ताई पडल्या तर बाकीचे जन्मात विसरणार नाहीत." मग ती म्हणाली, "मीपण टाळ्या वाजवल्या, दीदी."

"चहा घेशील?" मी विचारलं.

दर वर्षी आईच्या तिथीला हर्षदादाचा फोन येई. आधी माझी चौकशी, मग त्याच्या मुलीची शाळा, मग नोकरीतली दगदग. शेवटी आवाज खाली येई. "कधीकधी वाटतं, ताईंना वाईट तर वाटलं नसेल? त्या काही बोलल्या असत्या ना तुला?" आणि मी म्हणे, "नाही रे दादा, काही नाही बोलली." मग तो मोकळा होऊन पाच मिनिटं बोले. मी ऐकून घेई. मला वाटे, हे असंच राहू दे.

सहा वर्षांनी कंपनी नव्या इमारतीत गेली. नव्या मुलांना शिकवायच्या खोलीला आईचं नाव द्यायचं ठरलं होतं, कुंदाताई तांबट प्रशिक्षण कक्ष. फोटोचं अनावरण मी करायचं होतं. हर्षदादाने स्वतः गाडी पाठवली.

मी जरा आधी पोचले. चहाच्या टेबलाशी नव्याने लागलेली मुलं होती, गळ्यात ओळखपत्रं, सगळी विशीतली. एका मुलीने मला कागदी कप भरून दिला.

"मॅम, तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"अय्या! म्हणजे त्या खरंच होत्या?"

शेजारच्या मुलाने तिला कोपर मारलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे आम्हाला वाटलं ट्रेनिंगसाठी बनवलेली गोष्ट आहे. कडवाल्या काकूंची. ज्यांनी स्वतः कड सुरू केली आणि स्वतःच पहिल्या फसल्या."

"सर पहिल्याच दिवशी सांगतात," मुलगा म्हणाला. आता त्यालाही धीर आला होता. "फुल ॲक्टिंग करून. त्या कशा पदर खोचून यायच्या, चष्मा कपाळावर, आणि मग टक टक टक पासवर्ड भरतात. आम्ही मेलो हसून."

"दर बॅचला सांगतात?"

"हो मॅम. ती सांगितली ना, की पुढे कोणी फसत नाही."

मी चहा प्यायले. गोड होता.

खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत रुबिना होती, आता ती कोणाची तरी साहेब झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भिंतीवर लाल कापड होतं. मी दोरी ओढली.

तो फोटो होता. दुसऱ्यांदा काढलेला, डोळे उघडे असलेला. आई हसत होती. कपाळभर हळद, मधे कुंकवाचा बोटभर ओघळ. कोणाचा तरी अंगठा कडेला दिसत होता, तो कापायचा राहिला होता. त्यावर त्यांनी झेंडूचा हार घातला होता.

टाळ्या वाजल्या.

"हा फोटो मी मुद्दाम निवडला," हर्षदादा माइकवर म्हणाला. त्याचे केस विरळ झाले होते आणि आवाज भरला होता. "ताईंचा आमच्यातला हा शेवटचा दिवस. बघा कशा हसून राहिल्या. आमच्या ताई अशाच होत्या, थट्टा झाली तरी हसणाऱ्या. आणि थट्टा कोण करतं हो? घरचाच माणूस करतो." मुलं हसली. "ताईंनी मला घास भरवला. मला म्हणायच्या, हर्षू, तू माझा मोठा. आज तुम्ही सगळे जे शिकता ते ताईंचं आहे. आणि सगळ्यांत मोठा धडा काय दिला ताईंनी?"

"कोणीही फसू शकतं!" सगळी मुलं एका सुरात म्हणाली. त्यांना ते पाठ होतं.

"कोणीही!" त्याने फोटोकडे बोट केलं. "ताईसुद्धा!"

मुलं पुन्हा हसली, प्रेमाने हसली. ती चहा देणारी मुलगी माझ्याकडे बघून हसत होती. हर्षदादाने डोळे पुसले, माझ्याजवळ आला आणि माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल, शालू. ताईंबद्दल."

माइक त्याच्या हाताने गरम झालेला होता.

"माझी आई पहिली फसली हे खरं आहे," मी म्हणाले. "तुम्हाला शिकवतात ते बरोबर आहे. त्यातलं एक सांगायचं राहतं. त्या दिवशी त्या पानाला कड नव्हती. आदल्या संध्याकाळी ती काढून ठेवली होती. ज्याने काढली त्यानेच तिला पुढे बोलावलं, आणि सगळ्यांसमोर एका विधवा बाईला हळदीकुंकू लावलं. ती नको म्हणाली होती."

खुर्च्यांवरचं हसू एकदम गेलं नाही. मागच्या रांगेत कोणीतरी अजून हसत होतं, तेही मग थांबलं.

"शालू," हर्षदादा हळूच म्हणाला. त्याने माइकसाठी हात पुढे केला. मी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"हर्षदादा, तू दर वर्षी विचारतोस, ताई काही बोलल्या का. मी नाही म्हणते, कारण ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. शुक्रवारी ती तुझ्याकडेच निघाली होती. घरी दोनदा म्हणून बघितलं होतं तिने, तुला फार लागू नये म्हणून शब्द कमी करून. आता मी सांगते. ती म्हणाली, 'हर्षू, तू अंगठा लावलास तेव्हाच मला कळलं की कड तूच काढलीस. तरी मी हसले, कारण समोर तुझी माणसं बसली होती. आजपासून मला ताई म्हणायचं नाही.'"